डोळे मिटून पान सांगा

"छान म्हणजे कुणाला छान?"

आमच्या ऑफिसात कुणी एखाद्या वेबसाइटला छान म्हटलं की बाई हा प्रश्न विचारायच्याच. नुसतं विचारून थांबल्या असत्या तर बरं होतं. त्या खुर्चीतून उठून तुमच्या टेबलाशी यायच्या, साडीचा पदर सरळ मॉनिटरवर टाकायच्या, अख्खा स्क्रीन झाकायच्या आणि म्हणायच्या, "आता सांग, काय दिसलं?"

आली का पंचाईत! आत्ता तर सगळं समोर होतं. तुम्ही आठवून आठवून सांगायचं, वर निळी पट्टी होती, मधे फोटो होता. तेवढ्यात शेजारचा म्हणायचा, "फोटो? कुठला फोटो? मला तर ते मोठं बटणच दिसलं." तिसरी म्हणायची, मी आधी पत्ता शोधला, तो मिळेना म्हणून पुढचं बघितलंच नाही. एवढं ऐकलं की बाई पदर काढून घ्यायच्या, खांद्यावर नीट करायच्या आणि लॉटरी लागल्यासारख्या खूश होऊन जागेवर जाऊन बसायच्या. त्यात खूश होण्यासारखं काय होतं ते आम्हाला कळायचं नाही.

ऑफिस म्हणजे गोरेगाव पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला वरच्या मजल्यावरचा गाळा. खाली छापखाना. त्याचं मशीन सुरू झालं की आमच्या कपातला चहा थरथरायचा. गिऱ्हाइकं म्हणजे दातांचे डॉक्टर, केटरर, क्लासवाले, लग्नाचे हॉल. मोठ्या कंपन्या कशाला येतायत आमच्याकडे? बाईंनी त्याआधी बरीच वर्षं अंधेरीच्या एका शाळेत चित्रकला शिकवली होती. मग बहिणीचा मुलगा निखिल कॉम्प्युटर शिकून तयार झाला, त्याला हाताशी धरून त्यांनी हे दुकान टाकलं. निखिल त्यांना मावशी म्हणायचा. मी पहिल्या दिवशी 'मॅडम' म्हटलं तर म्हणाल्या, "मॅडम नको गं. कुणीतरी पॉलिसी विकायला आल्यासारखं वाटतं. बाई म्हण." तेव्हापासून बाई.

आमची नावं मात्र त्यांच्या तोंडात कधी बसली नाहीत. त्या माणसाला तो राहतो त्या ठिकाणाच्या नावाने हाक मारायच्या. निखिल अंधेरी, मी मुलुंड. "मुलुंड, इकडे ये जरा," असं त्या ओरडल्या की पहिल्यांदा आलेलं गिऱ्हाईक खिडकीतून बाहेर बघायचं. गिऱ्हाइकांचंही तेच. "घाटकोपरचा फोन आला का? बोरीवली आज येणार होती ना?" रेल्वेच्या चौकशी खिडकीत बसल्यासारखं वाटायचं.

आणि बाईंची स्वतःची आवड? अरे देवा! रोज सकाळी आमच्या ग्रुपवर त्यांचं सुप्रभात यायचं. जांभळं आकाश, त्यात गुलाब, गुलाबावर दव, दवावर चमचम आणि या सगळ्यावर पिवळ्या अक्षरांत सुविचार. निखिल म्हणायचा, "मावशी, आपण डिझाइनवाले आहोत यार. कुणी बघितलं तर वाट लागेल आपली." बाई जराही ओशाळायच्या नाहीत. "ही माझी आवड आहे. मी ती माझ्या फोनवर ठेवते. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवते का?" आणि खरंच, एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाच्या वेबसाइटवर स्वतःहून गुलाब घातला नाही. एका नर्सरीवाल्याने आपण होऊन मागितला, तेव्हा मात्र दिवसभर गुणगुणत होत्या.

माझं सगळं उलटं. मला पानावर पांढरं हवं. भरपूर पांढरं, मधे एक ओळ, खाली एक छोटं बटण, बस्स. घाटकोपरच्या एका फरसाणवाल्या शेठना मी असं पान करून दाखवलं. मला वाटलं शेठ आता टाळ्या वाजवणार. शेठनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "बेन, माल किधर है?" मी बटण दाखवलं. ते म्हणाले, "वो ठीक है. पर ये इतना जगह खाली क्यूं रखा? गिराक समझेगा दुकान बंद हो गया."

मी तणतणत ऑफिसला आले. "लोकांना टेस्टच नाही!"

बाई चहा पीत होत्या. "तुमच्या घरी खोल्या किती गं?"

"दोन."

"आणि माणसं?"

"आई, बाबा, आजी, दादा, वहिनी, मी."

"मग तुला मोकळी जागा आवडणारच. त्या शेठच्या दुकानात रिकामं फडताळ म्हणजे माल संपला. तो जन्मभर फडताळं भरत आलाय. तुझं डोकं तुझ्या घरात तयार झालं, त्याचं त्याच्या दुकानात. यात टेस्ट कुठून आली?"

मला रागच आला. आमच्या दोन खोल्या कशाला काढायच्या मधे? पण घरी जाऊन पाहते तर कपाटात माझ्या वाट्याला आलेला एकुलता एक कप्पा, आणि तोही मी अर्धा रिकामा ठेवलेला. वहिनी त्यावरून नेहमी बोलायची. मला एकटीलाच हसू फुटलं. दुसऱ्या दिवशी शेठचं पान फाफड्यापासून चकलीपर्यंत ठासून भरलं, आणि शेठनी ऑफिसात डबाभर गाठिया पाठवला.

हे झालं बाईंचं वागणं-बोलणं. पण मी सांगायला बसले आहे ते वेगळंच. बाई नसत्या तर मी आज या कामात नसते, ते सांगायचं आहे.

बाईंच्या ऑफिसात एक रीत होती. नवं काम आलं की लगेच कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. सगळ्यांनी गोल करून बसायचं, डोळे मिटायचे, आणि ज्याच्याकडे काम असेल त्याने डोळ्यांसमोर पान आणून ते मोठ्याने सांगायचं. शाळेत त्या मुलांकडून चित्रं अशीच काढून घ्यायच्या म्हणे, आधी मिटल्या डोळ्यांनी, मग कागदावर. निखिल तर असला रंगात यायचा! एका ट्रॅव्हलवाल्याचं पान सांगताना म्हणाला, "वरून ढग सरकतायत, खाली घाट आहे, वळणावरून पांढरी बस येतेय, आता ती पुलावर आली…" आम्हाला वाटलं हा स्वतःच जाऊन येतो की काय फिरून.

माझी पाळी आली की मीही सांगायचे. वर नाव, खाली फोटो, फोटोखाली माहिती. शाळेत सहलीचा निबंध लिहावा तसं. मला वाटायचं सगळे असंच करतात. डोळ्यांसमोर आणायचं ही आपली बोलायची पद्धत. पोटात कावळे ओरडतात म्हणतो, म्हणून कुणाच्या पोटात कावळा असतो का?

एकदा एका लग्नाच्या हॉलचं काम माझ्याकडे आलं. मी डोळे मिटून सांगत होते. बाईंनी मधेच विचारलं, "मुलुंड, उजव्या कोपऱ्यात काय आहे?"

"कुठल्या?"

"तुझ्या पानाच्या."

"अजून ठरवलं नाही."

"ठरवू नको. बघ आणि सांग."

"बघू कुठे?" मी डोळे उघडले. "ते दिसायचं असतं का?"

निखिल फिस्सकन हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डोळे मीट. आईला समोर आण."

"आई मुलुंडला आहे, बाई."

"अगं, डोळ्यांसमोर! दिसतेय का?"

"नाही."

"काहीच नाही?"

"अंधार आहे. म्हणजे, आई कशी आहे ते मला माहीत आहे. गोरी, ठेंगणी, डाव्या गालावर तीळ. सगळं सांगते मी. पण दिसत नाही."

निखिलचं हसू थांबलं. खालचं मशीनही नेमकं बंद होतं. मग मीच घाबरून विचारलं, "तुम्हाला दिसतं? खरंखुरं?"

निखिलला दिसायचं. रंगीत, हलतं, आवाजासकट. बाईंनाही दिसायचं, पण गप्प आणि स्थिर, जुन्या फोटोसारखं जरा पिवळट. तुम्हीही आत्ता करून बघा. डोळे मिटा आणि एक हापूस आंबा समोर आणा. दिसला? देठाजवळचा केशरी रंग दिसला? मग तुम्ही निखिलच्या पार्टीतले. नुसता अंधार, आणि त्यात आंबा हा एवढा एक शब्द? मग या, बसा माझ्या शेजारी.

घरी जाऊन मी एकेकाला धरून विचारलं. आई म्हणाली, मला तर तुझी पणजी दिसते, तिची नथसुद्धा. दादाला अख्खी मॅच दिसायची. बाबा म्हणाले, "हे असले प्रश्न विचारतात तुमच्या ऑफिसात?" मला फसवल्यासारखं झालं. इतकी वर्षं सगळ्यांच्या डोक्यात फुकट सिनेमा चालू होता, आणि मला कुणी तिकीट द्यायचं राहू द्या, सिनेमा आहे हेच सांगितलं नव्हतं.

त्यात माझी सहा महिन्यांची ट्रायल संपत आलेली. निखिल मनाचा वाईट नव्हता, जे काही होतं ते त्याने माझ्या तोंडावर सांगितलं. "मावशी, जिला पान दिसत नाही ती पान काढणार कसं? तिला टेस्टिंगला टाकू. नाहीतर तिने दुसरीकडे बघावं, तिचंही वर्ष फुकट नको जायला." दुसरीकडे म्हणजे बाबांच्या मित्राच्या कुरिअर ऑफिसात. बाबा तर वाटच बघत होते. पण मला हे काम हवं होतं हो. कधी कशासाठी इतका जीव टाकला नव्हता मी. इस्टेटच्या त्या कळकट बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि रडले.

बाहेरून बाईंचा आवाज आला, "रड, पण नळ बंद कर. पाणी वाया जातंय. कुणी काही म्हणणार नाही तुला."

मी डोळे पुसून बाहेर आले. चहा पिता पिता विचारलं, "बाई, माझ्या डोक्यात काही बिघाड आहे का?"

"मला काय माहीत? मी ड्रॉइंगची बाई," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, "माझ्या वर्गात एक मुलगा हत्ती काढताना शेपटीपासून सुरुवात करायचा. एक मुलगी आधी आभाळ, डोंगर, झाडं सगळं रंगवून घ्यायची आणि मग तिला घराला जागाच उरायची नाही. मी कुणाला चूक म्हटलं नाही. आपण थांबायचं आणि काय निघतंय ते बघायचं." कप खाली ठेवून म्हणाल्या, "उद्या बोरीवलीकडे तू जा. अंधेरीला मी सांगते."

निखिलने आ वासला. कारण बोरीवली म्हणजे रुखवतवाल्या काकू, आणि काकूंपुढे त्याने स्वतः हात टेकले होते.

काकू लग्नांसाठी रुखवत करून द्यायच्या. साखरेचं तुळशीवृंदावन, सुपारीचे नवरा-नवरी, रंगीत कुरडयांची फुलं, खणाच्या कापडाची बैलगाडी. असला नाजूक हात की बघत राहावं. त्या मूळच्या मालवणकडच्या, बोरीवलीत अर्धा जन्म गेला तरी बोली सोडली नव्हती. निखिलने त्यांना एकापाठोपाठ एक सुंदर पानं करून दाखवली, आणि प्रत्येक पानाला काकूंचं एकच उत्तर, "बरां आसा, पण माझां नाय." मग तुमचं कसं, म्हटलं की त्यांना सांगता यायचं नाही. आवडलेल्या वेबसाइटचे फोटो पाठवा म्हटलं तर त्यांनी जावेच्या नातवाच्या बारशाचे फोटो पाठवले.

मी गेले. काकूंच्या घरात बसायला जागा नव्हती, सोफ्यावर साखरेचे दागिने वाळत होते. निखिल जाताना लॅपटॉपवर काहीतरी दाखवायला घेऊन जायचा. माझ्याकडे दाखवायला होतं काय? डोक्यात अंधार आणि हातात पेन. मी सरळ सांगून टाकलं, "काकू, मला डोळ्यांसमोर काही येत नाही. एकदम कोरं. तेव्हा तुम्हीच सांगा. समजा मी मुलाकडची बाई आहे, लग्नाच्या हॉलमध्ये आले. आता काय?"

काकू उठल्या. माझं कोपर धरलं आणि मला दाराबाहेर उभं करून दार लावून घेतलं!

मी बाहेर, चपलांच्या ढिगात. समोरच्या ब्लॉकमधल्या बेन दार किलकिलं करून बघतायत. आतून खुडबुड, सरकवासरकव. मला वाटलं, झालं, या आपल्याला विसरल्या. मग दार उघडलं. काकूंनी पुन्हा कोपर धरलं, इकडेतिकडे बघू दिलं नाही, थेट टेबलाशी नेलं. पायऱ्या-पायऱ्यांची मांडणी केलेली, पण सगळी हिरव्या खणाच्या कापडाखाली. पुढे एका पाटावर फक्त सुपारीचे नवरा-नवरी आणि खाली दोघांची नावं.

"आधी नावां वाच," काकू म्हणाल्या. मी वाचली. मग त्यांनी कापडाचं टोक माझ्या हातात दिलं. "आता तू काढ. हळू हां."

मी ओढत गेले तशी एकेक पायरी उघडी पडत गेली. आधी तुळस, मग बैलगाडी, मग कुरडयांची फुलं. काकू माझ्याकडे बघत होत्या, रुखवताकडे नाही.

"सगळां एकदम दाखवलंस तर माणूस काय बघतलो?" त्या म्हणाल्या. "विहीणबाय दमून इलेली असता. तिका मान व्हयो. तिच्याच हातान उघडूक व्हया."

आता माझ्या लक्षात आलं निखिलचं कुठे बिनसलं ते. त्याने काकूंच्या झाडून सगळ्या वस्तू पहिल्याच पानावर, चौकोनाचौकोनांत, नीट ओळीत लावून दिल्या होत्या. कुणीही तेच केलं असतं. मी संध्याकाळपर्यंत बसून विचारत राहिले. मग ती कुठे बघते? उजवीकडे. उजवीकडेच का? तर डावीकडे मुलीची आई उभी असते, तिच्या तोंडाकडे बघायचा संकोच वाटतो. मग काय करते? वाकते. मग? काकूंना ते सगळं लख्ख दिसत होतं, आणि आजवर त्यांना कुणी असं खोदून विचारलंच नव्हतं. आम्ही सगळे त्यांना आपलंच दाखवत सुटलो होतो.

मी पान केलं. उघडलं की फक्त हिरवं खणाचं कापड आणि सुपारीची जोडी. नावं वाचायची, मग बोटाने कापड बाजूला सारायचं, की एक पायरी दिसायची. पुन्हा सारायचं, पुढची. खरं सांगू? मला ते पान आवडलं नाही. हिरव्यावर लाल काठ, त्यावर सोनेरी टिकल्या. माझ्या पांढऱ्या जिवाला नुसता ताप. आजही आवडत नाही. निखिल म्हणाला, "लोक कापड बघूनच पळतील. कुणाला एवढा वेळ आहे?" त्याचंही काही चूक नव्हतं.

काकू ऑफिसात आल्या. मी पान लावून दिलं आणि मागे उभी राहिले. आज 'माझां नाय' आलं असतं तर सोमवारी मी कुरिअरची पाकिटं मोजत बसले असते. काकूंनी नावं वाचली. बोटाने कापड सारलं. एक पायरी, दुसरी, तिसरी. चेहऱ्यावर काही नाही. शेवटपर्यंत गेल्या आणि एक अक्षर न बोलता उठून जिना उतरून खाली गेल्या.

"गेल्या," निखिल म्हणाला.

गेल्या नव्हत्या. छापखान्यात कागदांच्या घड्या घालणाऱ्या एका बाईंना घेऊन वर आल्या. त्यांना खुर्चीत बसवलं. "थांब गो, एकदम बघू नको. आधी नावां वाच." त्या बाई बिचाऱ्या गोंधळून वाचायला लागल्या, आणि इकडे काकूंच्या डोळ्यांना धार लागली.

"ह्यां माझां," त्या म्हणाल्या. आणि नाक पुसता पुसता लगेच म्हणाल्या, काठ अजून गडद कर.

मी आमच्या बाईंकडे बघितलं. त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मुलुंड, तुझी ट्रायल संपली. आता सुट्टी विचारून घ्यायची."

निखिल "झकास!" म्हणाला, अगदी मनापासून, आणि खिडकीजवळची स्वतःची जागा मला दिली. त्या दिवशी मी बाईंना विचारलं, तुम्हाला हे असं होणार माहीत होतं का.

"माहीत कुठलं? अंदाज. बोरीवली बोलायला लागली की अंधेरीच्या डोक्यात लगेच त्याचं पान तयार होतं. मग तो तिचं ऐकतो कुठे, आपलंच बघत बसतो. माझंही तेच होतं गं. तुझी भिंत मोकळी आहे, तिथे बोरीवलीला तिचं टांगता आलं. पण हवेत जाऊ नको हां. तू बसून ऐकलंस म्हणून झालं. काही दिसत नाही आणि ऐकतही नाही, अशीही माणसं असतात."

त्यानंतर बाईंनी ऑफिसची रीत थोडी बदलली. डोळे मिटायचे ते मिटायचेच, पण ज्याला दिसतं त्याने सांगायचं आणि ज्याला दिसत नाही त्याने विचारायचं. विचारणारी मी एकटी. निखिल म्हणायचा, "हिच्यापेक्षा इन्कम टॅक्सवाले बरे." पण त्याची पानं सुधारली हे तो आजही कबूल करतो. पुढे माझ्या हाताखाली दोन मुली आल्या. एकदा काय वाटलं कुणास ठाऊक, मी बाईंपाशी जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "बाई, तुम्ही नसतात तर…" त्यांनी मला तोडलं. "आभार नंतर मान. आधी त्या डॉक्टरचं बटण सरळ कर, वाकडं दिसतंय मघापासून." ते आभार मानायचे राहिले, म्हणून आता इथे मानते आहे.

मग बाई आजारी पडल्या. हृदयाचं होतं. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी निखिलला फार आशा दिली नव्हती. मी जायचे, त्यांच्या पलंगाशेजारी बसायचे आणि नुसती बघत राहायचे.

"काय गं टकामका बघतेस?"

"बाई, तुम्ही समोर नसलात की मला दिसत नाही तुम्ही. नंतर तर…" तोंडातून निघून गेलं. आमची मुंबईची जीभ, मागचापुढचा विचार करत नाही. दारात निखिल माझ्याकडे डोळे वटारून बघत होता.

बाई उशीला टेकून सरळ बसल्या. मग म्हणाल्या, "मग आत्ताच नीट बघून घे. डावीकडून बघ." त्यांनी मान वळवली. "झालं? आता उजवीकडून. थांब, केस विस्कटलेत, फणी दे ती." फणी फिरवून, हनुवटी वर करून त्या स्टुडिओत फोटोला बसल्यासारख्या बसून राहिल्या. मला हसू येत होतं आणि रडूही. मी परीक्षेआधी घोकावं तसं सगळं घोकून घेतलं. कानाची लांब पाळी, भुवईतला एक पांढरा केस, ओठांच्या कडेची चुणी.

थोड्याच दिवसांत बाई गेल्या.

गोरेगावातच एका लहानशा हॉलमध्ये शोकसभा झाली. शाळेतले विद्यार्थी आले होते, आता टक्कल पडलेले. फरसाणवाले शेठ आले, छापखान्यातली माणसं आली. बोलायला उठलेला प्रत्येक जण म्हणत होता, बाई अजून डोळ्यांसमोर आहेत. ही नुसती बोलायची पद्धत नाही हे मला आता माहीत होतं. त्यांना खरंच दिसत होत्या बाई. एवढ्या सगळ्यांना दिसत होत्या. मला त्यांचा हेवा वाटला, अगदी संताप आला.

शेवटी निखिल म्हणाला, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या. सगळे उठले, सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. कानाची पाळी लांब, हे माहीत होतं. भुवईत पांढरा केस, हेही माहीत होतं. माहिती सगळी होती. बाई नव्हत्या. मी तोंडावर रुमाल दाबला तरी हुंदका बाहेर आला.

शेजारी काकू उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "काय झालां गो?"

"मला बाई दिसत नाहीत, काकू. आता कधीच दिसणार नाहीत."

काकू जरा जवळ सरकल्या. मग माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजल्या, "माका दिसतत. सांगू?"

"सांगा."

"माझ्या घराक इल्यात. खुर्चीत बसल्यात, एक चप्पल काढून पाय वर घेतल्यानी हा."

"साडी कुठली?"

"निळी. तेच्यार चाय सांडली हा."

"चष्मा?"

"कपाळार. हातात माझो लाडू. खातत नि हसतत. बोटां चाटतत."

पुढच्या रांगेतून कुणीतरी "शूऽऽ" केलं. काकूंनी लक्ष दिलं नाही. निखिल "ओम शांती" म्हणाला, खुर्च्या वाजल्या, सगळे खाली बसले. आम्ही दोघी तशाच उभ्या. मी डोळे उघडले नाहीत.

"मग?" मी विचारलं.

"मगे काय," काकू म्हणाल्या, "दुसरो लाडू मागतत."